डोक्यावरून जाताना

आवाज आधी आला. मैदानाच्या कडेला, झाडाची सावली जिथे संपते तिथे गवतावर पुस्तक घेऊन मी बसले होते. बारीक, सलग, चिरका गुणगुणाट. कुठून येतोय ते कळेना. डावीकडे वाटला, मग मागे, मग थेट टाळूवर. मान वर केली तर तीन-चार मजल्यांच्या उंचीवर एक छोटा ड्रोन येऊन थांबला होता. अगदी माझ्या डोक्यावर. मी स्वतः ड्रोन उडवते. तो इतका स्थिर का आहे, त्याचं वजन साधारण किती असेल, त्याचा लुकलुकणारा दिवा काय सांगतोय, हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही माझ्या हातांनी पुस्तक मिटलं, पाय जवळ घेतले, आणि कुठल्या बाजूला सरकावं याचा हिशेब मनात सुरू झाला. उठून जावंसं वाटत होतं आणि उठले तर ते जरा अतीच दिसेल असंही वाटत होतं. मी बसून राहिले. थोड्या वेळाने तो तिरका होऊन निघून गेला. झालं काहीच नाही.

पण तेवढ्या वेळात मी जे करत होते ते नंतर मनातून जाईना. मी उडवणारा माणूस शोधत होते. मैदानाच्या टोकाला, बाकांवर, पलीकडच्या गच्च्यांवर, हातात रिमोट धरून मान खाली घातलेलं कुणी दिसतंय का, ते पाहत होते. त्याला थांबवायचं नव्हतं, जाब विचारायचा नव्हता. फक्त तो माणूस एकदा दिसायला हवा होता. त्याचं लक्ष आहे ना, एवढंच चेहऱ्यावरून समजलं असतं तर मी पुन्हा पुस्तक उघडलं असतं. तो दिसला नाही. आणि ज्यांच्या डोक्यावरून मी आजवर गेले त्यांतल्या कुणीकुणी मला असं शोधलं असेल, हा विचार तेव्हापासून माझ्याबरोबर राहायला आला.

ड्रोनची माहिती असली की भीती कमी होते असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. पतंगाचा दोर तुटला तरी तो हेलकावे खात उतरतो. इंजिन बंद पडलेलं विमान पंखांवर तरंगत बरंच अंतर कापतं. हेलिकॉप्टरचं इंजिन गेलं तरी खालून येणारी हवा त्याचं मोठं पातं फिरवत ठेवते आणि अनुभवी वैमानिक ते उतरवू शकतो. चार पंख्यांच्या छोट्या ड्रोनला यातलं काहीच नाही. त्याला पंख नाहीत, त्याची पाती एवढीशी, आणि चारांतलं एक निखळलं की उरलेली तीन त्याला सावरण्याऐवजी बहुतेक वेळा गरगर फिरवत खाली आणतात. हवेतला प्रत्येक क्षण त्याने मोटारींच्या जोरावर विकत घेतलेला असतो. म्हणूनच चार पंख्यांचं यंत्र माणसाला फार उशिरा जमलं. १९०७ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांनी असं एक यंत्र जमिनीपासून जेमतेम उचललं, तेव्हा त्याच्या चार कोपऱ्यांना चार माणसं धरून उभी होती. फ्रेंच अभियंता एटियेन एमिशेनने १९२४ मध्ये अनेक पंख्यांच्या यंत्रातून एक किलोमीटरचा फेरा पूर्ण केला, तो मोठा पराक्रम गणला गेला. तोल सांभाळणं हीच खरी अडचण होती. ती सुटली ते नखाएवढे संवेदक आणि वेगवान चिप आल्यावर. आता ती चिप सेकंदाला शेकडो वेळा तोल तपासते आणि चारही मोटारींचे वेग कमीजास्त करत राहते. कोपरे धरून उभी असलेली ती चार माणसं जणू आत जाऊन बसली.

त्यामुळे होतं असं की रिमोटवरच्या स्टिकवरून बोटं काढली की ड्रोन जागच्या जागी थांबतो. नवख्या माणसाला वाटतं, तो विसावला. खरं तर तेव्हाही त्याची सगळी धडपड सुरूच असते, वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीशी. आपल्याला ती दिसत नाही, कारण ती आपल्यासाठी कुणीतरी आधीच सोडवून ठेवली आहे. मला हे सोपेपण आवडतं, ते नसतं तर मी कधी उडवायला शिकले नसते. पण याच सोपेपणाची मला काळजीही वाटते. सायकल शिकताना गुडघे फुटतात आणि शरीराला पडणं म्हणजे काय ते समजतं. ड्रोन शिकताना शरीराला काहीच समजत नाही. पडणार असतो तो, आणि लागणार असतं दुसऱ्याला.

पुष्कळ देशांच्या नियमांत २५० ग्रॅमची एक रेघ आहे. त्याखालच्या ड्रोनला अटी कमी, म्हणून कंपन्या २४९ ग्रॅमचे ड्रोन बनवतात आणि आपण ते बिनधास्त घेतो. मीही घेतलाय, आणि तो फार गोड यंत्र आहे. पण हिशेब करून पाहिला तर पन्नास मीटरवरून पडणाऱ्या पाव किलो वस्तूत साधारण १२० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. हवेचा अडथळा त्यातली बरीच खातो हे खरं, तरी उरलेली कुणाच्या कपाळावर यावी इतकी थोडी नसते. त्यातून मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या पात्यांची धार वेगळीच. बोटाचं कातडं ती सहज सोलते, आणि डोळा तर त्याहून नाजूक.

खालच्या माणसाला वजनाचा आकडा दिसत नाही. त्याला आवाज ऐकू येतो.

२२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीत मादोना दी काम्पिलियो इथे रात्रीच्या उजेडात स्कीची जागतिक चषक शर्यत चालू होती. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर दुसऱ्या फेरीत उतार उतरत असताना चित्रीकरणाचा एक मोठा, जड ड्रोन वरून कोसळला आणि त्याच्या पाठीमागे अगदी हाताच्या अंतरावर बर्फावर फुटला. त्याला वाटेत ते धडपणे कळलंही नाही. त्याने शर्यत पुरी केली आणि दुसरा आला. मग आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आपल्या शर्यतींतून असे ड्रोन बंद केले. ते चित्रण मी जेव्हा पाहते तेव्हा माझी नजर त्या तुकड्यांवर नसते, पुढे जाणाऱ्या त्याच्या पाठीवर असते. ज्याच्यावर बेतलं होतं तो आपल्या कामात पूर्ण बुडालेला होता. तसंच असायला हवं. शर्यत पळणाऱ्याने वर बघत पळायचं नसतं, मैदानात खेळणाऱ्या पोरांनीही नाही. वर काय आहे याची काळजी वाहायची ती ज्याने ते वर नेलं त्याने.

आणि शांत बसलेला जीव शांत असतोच असं नाही. अमेरिकेत मिनेसोटात संशोधकांनी काळ्या अस्वलांच्या शरीरात हृदयाचे ठोके नोंदवणारी उपकरणं बसवली आणि त्यांच्यावरून छोटा ड्रोन नेला. २०१५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अस्वलं बहुतेक वेळा जागची हललीही नाहीत. बघणाऱ्याने म्हटलं असतं, त्यांना काही फरक पडत नाही. पण ठोके मात्र सगळ्यांचे वाढले होते, एका प्रसंगात तर मिनिटाला नेहमीपेक्षा १२३ जास्त. हे वाचलं तेव्हा मला माझा गवतावरचा तो वेळ आठवला. त्या ड्रोनच्या कॅमेऱ्यात मी कशी दिसले असेन? मैदान, झाड, सावली, पुस्तक मांडीवर ठेवून निवांत बसलेली एक बाई. सुंदर चौकट. उडवणाऱ्याला ती आवडलीही असेल, म्हणून तर तो थांबला असेल. माझे ठोके त्याच्या पडद्यावर कुठून दिसणार?

पक्षी तेवढेही थांबत नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका अभयारण्यात एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वीणवसाहतीत पडला. हल्ला समजून हजारो पक्षी उडाले आणि परत आलेच नाहीत. वाळूवर सुमारे १,५०० अंडी तशीच राहिली. अंडी सोडली गेली ती धक्क्याने नव्हे, भीतीने. वीण चालू असलेल्या जागेपासून लांब राहायचं हे मला कुठल्या नियमाने सांगण्याआधी त्या वाळूच्या फोटोने सांगितलं. एखादा शिकारी पक्षी ड्रोनभोवती घिरट्या घालू लागला तर मी चित्रीकरण तिथेच सोडते. तो वरून झडप घालतो, म्हणून आधी सरळ वर जायचं, मग दूर होऊन उतरायचं. जागा त्याची आहे.

रिमोटवर कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या पडद्याची मला फार काळजी वाटते. माझ्या मते अपघाताचं मूळ वाऱ्यात आणि बॅटरीत जितकं आहे त्याहून जास्त त्या हातभर अंतरावरच्या उजळ चौकटीत आहे. ती फक्त समोरचं दाखवते. मागून येणारी फांदी, बाजूची तार, खालून चाललेलं माणूस, यातलं काही तिच्यात नसतं. पण ती इतकी स्पष्ट, इतकी रंगीत असते की आपण तिलाच आकाश समजतो. म्हणून बहुतेक देशांचे नियम एक गोष्ट सांगतात: ड्रोन नुसत्या डोळ्यांनी दिसत राहायला हवा. यात एक बारीक गोम आहे. पाव मीटर रुंदीची वस्तू पाचशे मीटरवर गेली की ती दोन मिनिटांपेक्षाही कमी कोनात मावते (कोनाचं एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि निरोगी डोळ्याची ताकद एक मिनिटाच्या आसपास. म्हणजे ठिपका दिसेल, पण त्याचं तोंड कुणीकडे आहे ते दिसणार नाही. ते दिसत नसेल तर ठिपका दिसून काय उपयोग? ड्रोनचं तोंड आपल्याकडे वळलेलं असताना डावं-उजवं आणि पुढे-मागे उलटं होतं. घाबरलेल्या क्षणी बोटं जुन्या सवयीने चालतात आणि ड्रोन नेमका नको त्या भिंतीकडे जातो. मी त्यामुळे ‘दिसतोय’ असं तेव्हाच म्हणते जेव्हा त्याची दिशा ओळखता येते, आणि छोट्या ड्रोनच्या बाबतीत ते अंतर आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी असतं.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा पेटला होता. एका माणसाने इमारतीच्या गच्चीवरच्या वाहनतळावरून आग बघायला ड्रोन सोडला. तो अडीच किलोमीटर पुढे गेला, नजरेआड झाला, आणि आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला भोक पाडून गेला. विमान सुखरूप उतरलं, पण ऐन वणव्यात ते काही दिवस जमिनीवर राहिलं. पुष्कळ देशांत छोट्या ड्रोनला १२० मीटरचं छत असतं ते याचसाठी, कारण विमानांची रहदारी सहसा त्याच्या वर सुरू होते. पण बचावाची हेलिकॉप्टरं, फवारणीची विमानं, आग विझवणारी विमानं मुद्दाम खाली येतात. आग, पूर, अपघात, जिथे जिथे वरून बघावंसं वाटतं तिथे तिथे कुणीतरी कामासाठी खाली येणारच असतं. आणि पडद्यावरची उंची आपण जिथून उडालो तिथपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नव्हे. टेकडीवरून सोडून दरीवर नेलेला ड्रोन पडद्यावर शंभर दाखवत असताना खरा दोनशेवर असू शकतो.

उडवण्याआधीची तयारी मला हल्ली उडवण्याइतकीच आवडू लागली आहे. प्रत्येक पात्याच्या कडेवरून बोटाचं पेर सावकाश फिरवायचं. डोळ्याला न दिसणारी खाच पेराला लगेच जाणवते, आणि खाच असलेलं पातं बदलायचं, घासून गुळगुळीत करायचं नाही. दोन पाती एका दिशेने फिरतात, दोन उलट, म्हणून कुठली कुठे बसते ते खुणेवरून पाहायचं. अदलाबदल झाली तर उडतानाच ड्रोन उलटतो. मग बॅटरी. लिथियम पॉलिमर बॅटरी तळहातावर घेऊन तिच्या कडा दाबून पाहायच्या. जरा फुगलेली वाटली तरी ती बाजूला. पूर्ण भरलेला एक सेल ४.२ व्होल्ट असतो, पण तसा भरून आठवडेच्या आठवडे ठेवला तर आतून खराब होतो. बराच काळ उडवायचं नसेल तर ३.८ च्या आसपास ठेवावा. थंडीत ती अचानक दम सोडते, म्हणून उडवण्याआधी खिशात ठेवून ऊब द्यायची. उतरल्यावर ती गरम असते, तेव्हा लगेच चार्जिंगला लावायची नाही, आणि चार्जिंग चालू असताना घर सोडून जायचं नाही. हे सगळं वाचायला कंटाळवाणं असेल. माझ्या हातांना ते आता आपसूक येतं, आणि ते करताना श्वास आपोआप संथ होतो.

मग उपग्रहांची वाट. पुरेसे उपग्रह मिळून ‘होम पॉइंट’ नोंदला जाईपर्यंत उडायचं नाही, कारण संपर्क तुटला की ड्रोन जिथे परत येईल ती जागा तीच. माणसं या परत येण्यावर फार विसंबतात. ते यंत्र प्रामाणिक आहे, पण आंधळं आहे. ते सहसा आधी ठरवून दिलेल्या उंचीवर चढतं आणि सरळ रेषेत येतं. ती उंची वाटेतल्या सर्वांत उंच झाडापेक्षा कमी असेल तर ते झाडात येतं. आणि ते झाडाच्या छायेखाली उडत असताना संपर्क तुटला तर वर चढताना फांद्यांत अडकतं. म्हणून प्रत्येक नव्या जागी सर्वांत उंच काय आहे ते आधी मान वळवून पाहायचं आणि ती उंची त्याच्याही वर ठेवायची. लोखंडी झाकणं, गाड्या, सळ्या घातलेलं काँक्रीट यांच्यापासून दूर होऊन उडायचं, नाहीतर आतलं होकायंत्र बिघडतं. पाण्यावर अगदी खाली जायचं नाही. खालचे संवेदक हलत्या, चकाकत्या पाण्यावर फसतात आणि ड्रोनला जमीन कळेनाशी होते.

तारांचं तर काय सांगावं. ड्रोनच्या डोळ्यांना त्या बहुधा दिसत नाहीत आणि आपल्यालाही आकाशावर दिसत नाहीत. मी तार शोधतच नाही. मी खांब शोधते, एक दिसला की दुसरा, आणि त्या दोघांमध्ये तार आहे असं धरून चालते.

वारा जमिनीवर कळतो त्यापेक्षा वर जास्त असतो. गवत हललं नाही म्हणून आनंदायचं कारण नाही, शेंडे पाहावेत. समजा ड्रोनचा वेग सेकंदाला १५ मीटर आहे आणि वर वारा १० चा. वाऱ्याबरोबर जाताना तो २५ ने पळतो, एका मिनिटात दीड किलोमीटर. परत येताना उरतात फक्त ५. त्याच वाटेला पाच मिनिटं लागतात, आणि सगळी बॅटरी वाऱ्याशी झुंजण्यात जाते. म्हणून जायचं ते वाऱ्याच्या विरुद्ध. आधी कष्ट, मग परतताना वारा पाठीशी. सरळ खालीही झपकन आणायचा नाही. स्वतःच ढकललेल्या हवेत उतरताना तो डुगडुगतो, धरून ठेवणारी हवाच सापडत नाही त्याला. जरा पुढे सरकत, तिरकं उतरलं की ठीक.

एवढं सांभाळूनही मी उडवते, आणि मला त्यात खोल आनंद आहे, हे सांगायला हवं. नदीचं वळण पहिल्यांदा वरून पाहिलं तेव्हा ते काठावरून पाहिलेल्या नदीशी जुळेचना. जुन्या पात्राच्या फिकट खुणा गवतात उमटलेल्या होत्या, आणि उभं राहून कितीही पाहिलं असतं तरी त्या दिसल्या नसत्या. संध्याकाळच्या उन्हात प्रत्येक झुडपाची लांबलचक सावली पडते, आणि त्या सावल्यांत एक सावली हातात रिमोट घेतलेल्या माणसाची, आपली. ते सोडावं असं मला वाटत नाही. पण त्या गवतावरच्या दुपारनंतर मी उभी राहण्याची जागा बदलली आहे. पूर्वी एखादा आडोसा बघायचे, पडद्यावर ऊन पडू नये म्हणून. आता उघड्यावर उभी राहते, जिथे कुणीही मान वळवली तर मी दिसेन. भडक रंगाचं जाकीट घालते. उडवण्यापूर्वी आसपासच्या माणसांना जाऊन सांगते की काय करणार आहे, किती वेळ, आणि नको असेल तर सांगा. बहुतेक जण हसून हो म्हणतात. कुणी नको म्हणालं तर कारण विचारत नाही. हवेत ड्रोन असताना कुणी गप्पा मारायला आलं तर ‘उतरवते, मग बोलू’ एवढंच म्हणते. सोबत कुणी असेल तर त्याला पडदा न दाखवता आजूबाजूला लक्ष ठेवायला सांगते. उतरण्याच्या वेळी मुलं हमखास धावत येतात. तेव्हा ड्रोन उंचावरच थांबवून आधी त्यांना लांब करायचं. त्यासाठी बॅटरीचा पाव हिस्सा तरी नेहमी राखून ठेवायचा, कारण घाईत उतरवलेला ड्रोन कुणाच्या तरी पायात उतरतो.

मधूनमधून कुणी ना कुणी विचारतं, आमचा कार्यक्रम आहे, माणसं जमणार आहेत, अगदी डोक्यावरून एक चित्रण करून द्या ना. मी नाही म्हणते आणि लगेच दुसरं सुचवते. कॅमेरा तिरका बघू शकतो, त्यामुळे ड्रोन माणसांवर असायची काहीच गरज नाही. जितकी उंची तितकं तरी आडवं अंतर: तीस मीटर वर, तर गर्दीच्या कडेपासून तीस मीटर लांब, आणि त्याच्याखाली रिकामी पट्टी, जिथे तो पडला तर गवतावर पडेल. वारा गर्दीकडे वाहत असेल तर आणखी लांब. चित्रही तसंच जास्त चांगलं येतं. सरळ वरून फक्त टाळू दिसतात. तिरक्या नजरेत चेहरे येतात, हात येतात, माणसं एकमेकांकडे वळलेली दिसतात. जागा आधी बघायला जाते, पावलांनी ते अंतर मोजते, त्या पट्टीत कुणी येणार नाही अशी व्यवस्था होते का ते विचारते. होत असेल तर येते. तेवढी जागा नसेल तर जमिनीवरचा कॅमेरा घेऊन येते आणि ड्रोन घरी ठेवते.